मोर्चाची बातमी कशी वाचायची



आपल्या सामुदायिक रेडिओवर गाणी लागतात, बाळंतिणीच्या आहारावर बोलणं होतं, योजनांची माहिती मिळते. पण बातम्या लागत नाहीत. गटाच्या बैठकीला गेलं की कुणीतरी विचारतंच, "ताई, बंदराचं पुढे काय झालं ते रेडिओवर का नाही सांगत?" त्याचं कारण नियमात आहे. २००६ च्या सरकारी धोरणानं स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र चालवायची परवानगी दिली, पण स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम करायला मनाई केली. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे ऐकवता येतात. हवामान, परीक्षा, पाणी आणि विजेच्या सूचना सांगता येतात. त्यापलीकडे नाही.

म्हणून आज आम्ही बातमी देणार नाही. दुसऱ्यांनी दिलेली बातमी कशी वाचायची, कशी ऐकायची, यावर बोलणार आहोत. तीही एकाच प्रकारची बातमी, माणसं एकत्र येऊन रस्त्यावर उतरतात तेव्हाची. मोर्चा, संप, धरणं, उपोषण, रास्ता रोको. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू, तलासरी या आपल्या पट्ट्यात हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण मोर्चाला जाऊन आलेली बाई दुसऱ्या दिवशी पेपर वाचते तेव्हा तिला वाटतं, आपण काल गेलो होतो तो हा मोर्चा नव्हेच.

एका उन्हाळ्यातलं उदाहरण घ्या. एका गावातल्या चार पाड्यांवरच्या बायका रिकामे हंडे घेऊन कार्यालयावर गेल्या होत्या. आम्हीही सोबत होतो. नळ बसले होते, तोट्या बसल्या होत्या, पाणी नव्हतं. निवेदनात तीन मागण्या होत्या. टाकीपासूनची फुटलेली लाइन दुरुस्त करा, तोवर एक दिवसाआड टँकर द्या, आणि काम पूर्ण झालं असं ज्या कागदावर लिहिलंय त्या कागदाची प्रत आम्हाला द्या. बायकांच्या दृष्टीनं तिसरी मागणी सगळ्यांत मोठी होती, कारण कागदावर पाणी येत असेल तर पाड्यावर ते कधीच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आठ-दहा ओळी आल्या. मथळा होता, पाण्यासाठी महिला आक्रमक. खाली हंड्यांचा फोटो, मग वाहतूक अर्धा तास खोळंबल्याची माहिती, आणि शेवटी आश्वासनानंतर आंदोलन मागे घेतल्याचं वाक्य. तीनपैकी एकही मागणी नाही. वाचणाऱ्याला एवढंच कळलं की बायकांना पाणी हवंय. ते तर न वाचताही कळतं.

यात बातमीदाराची लबाडी होती असं आम्ही म्हणत नाही. तालुक्याच्या बातमीदाराला बऱ्याचदा धड पगारही नसतो, एका दिवसात त्याला चार ठिकाणी पळायचं असतं आणि जागा मिळते बोटभर. मग तो डोळ्यांना दिसतं ते लिहितो. हंडा दिसतो, अडकलेली एसटी दिसते. फुटलेली लाइन जमिनीखाली असते आणि कागद कपाटात. दोन्ही फोटोत येत नाहीत.

आंदोलनाच्या बातम्यांचे काही ठरलेले शब्द असतात. ते इतके सवयीचे झालेत की आपण त्यांच्यावरून तसेच पुढे जातो. "सौम्य लाठीमार" घ्या. काठी मारणाऱ्याच्या हाताला सौम्य, की पाठीला? ज्या बाईच्या मनगटाला सूज आली तिला विचारून हा शब्द लिहिलेला नसतो. तो पोलिसांच्या पत्रकातून येतो आणि छापून जातो. "गोळीबार झाला" असंही लिहितात, जसा पाऊस झाला, वारा झाला. गोळी कुणी झाडली, कुणाच्या हुकमावरून, ते त्या वाक्यात नसतं. "आंदोलनाला हिंसक वळण लागलं" हेही तसंच, वळण आपोआप लागतं. "जमाव" आणि "शेतकरी" यांत तर फारच फरक आहे. तीच माणसं सकाळी शेतकरी असतात आणि दुपारी दगड पडला की जमाव होतात. एकदा जमाव म्हटलं की त्यांना नाव, गाव, मागणी काही राहत नाही.

हे आजचं नाही. आपल्याच मातीतल्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे बातमी नसली किंवा चुकीची असली तर काय होतं ते कळेल.

पालघर स्टेशनजवळचा पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ आपण सगळ्या जणी बघतो. १४ ऑगस्ट १९४२ ला, चले जाव आंदोलनात, गावोगावची माणसं पालघरच्या कचेरीवर चालून आली आणि इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि पालघर, अशी त्यांची गावं. दर वर्षी १४ ऑगस्टला तिथे मानवंदना होते म्हणून आपल्याला ते माहीत आहे. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांवर सरकारची कडक नजर होती आणि आंदोलनाची बातमी सरळ छापता येत नव्हती.

तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून रेडिओ केंद्र चालवलं. काँग्रेस रेडिओ त्याचं नाव. ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू केलेलं ते केंद्र जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत चाललं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं आणि पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. विदर्भात चिमूरला सैन्य आणि पोलिसांनी बायकांवर जे अत्याचार केले, ते पेपर छापू शकत नव्हते. ते त्या रेडिओनं सांगितलं. त्याच चिमूरच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी सुमारे दोन महिने उपोषण केलं. त्याची बातमी छापायलाही सरकारनं बंदी घातली, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंकच काढला नाही. पेपरवाल्यांनी केलेला हा संपच म्हणायचा. आज कुणी पेपरवाल्यांना सरसकट शिव्या द्यायला लागलं की आम्हाला तो दिवस आठवतो.

दुसरी गोष्ट १९४५ ची, वारली उठावाची. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातल्या जुन्या बायकांच्या तोंडून वेठीचं नाव अजून ऐकू येतं. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायकोनं त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबायचं, याला लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. हा आकडा लक्षात ठेवा.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो आदिवासी जमा झाले. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी या, असा निरोप पाड्यापाड्यांवर फिरला होता. बाई तिथे येणारच नव्हत्या. हा खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी फिरवला आणि दुसरीकडे पोलिसांना सांगितलं की आदिवासी दंगा करायला जमलेत, असं किसान सभेचं म्हणणं होतं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले, कितीतरी जखमी झाले. त्यानंतर परुळेकर पती-पत्नीला ठाणे जिल्ह्याबाहेर काढण्यात आलं.

आता बघा, सरकारच्या बाजूनं हा दंगेखोर जमाव होता. अडीच रुपयांची मागणी त्या शब्दाखाली गाडली गेली. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं त्यांनी स्वतः छापून आणायचा प्रश्नच नव्हता. ते आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः एका बाईमुळे. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहिलं. ते १९७० साली आलं, म्हणजे २५ वर्षांनी. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढं मोठं बंड, आणि त्याचा नीट वृत्तान्त मराठी घरांत पोहोचायला २५ वर्षं लागली. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या वाचनालयात हे पुस्तक असेल तर गटात मोठ्यानं वाचा. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काही ठिकाणी आम्ही तसं केलंय. म्हाताऱ्या बायका मध्येच थांबवून स्वतःचं सांगायला लागतात, मग दोन पानांनाच संध्याकाळ होते.

तलवाड्याला तोंडी निरोपानं जे झालं त्याचा दुसरा चेहरा आपण एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्यात पाहिला. टाळेबंदीत मुलं पळवणारे फिरतायत, चोर फिरतायत अशा अफवा मोबाइलवरून फिरल्या. १६ एप्रिलच्या रात्री दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावानं मारून टाकलं. ते आंदोलन नव्हतं, त्याला कुठलीही मागणी नव्हती, तो निव्वळ खून होता. त्याला जमाव हाच शब्द बरोबर. पण पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांवर अफवेपेक्षा धर्माचीच चर्चा जास्त झाली आणि बाहेरच्या माणसाला पालघर म्हटलं की तेवढंच आठवायला लागलं. एका अफवेनं तीन जीव गेले. त्यावर दुसऱ्या अफवा चढवून माणसांना एकमेकांच्या अंगावर घालायचा प्रयत्न झाला. म्हणून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "पुढे पाठवा" असा निरोप आला की आधी विचारायचं, हे पाहिलं कुणी? नाव सांगा. नाव नसेल तर तो निरोप आपल्या मोबाइलमध्येच थांबवायचा.

आता बायकांचं. आंदोलनाच्या बातमीत बाई दोनच रूपांत येते. एक तर ती रणरागिणी असते, नाही तर "महिलांची उपस्थिती लक्षणीय होती" एवढ्या वाक्यात असते. रणरागिणी म्हटल्यावर आपल्यालाही बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण रणरागिणीला कुणी विचारत नाही की बाई, तुझं म्हणणं काय आहे. फोटो तिचा आणि बोलणं पुढाऱ्याचं, असा तो हिशेब असतो.

याला छान उत्तर मुंबईतल्या बायकांनी दिलं होतं. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली. रॉकेल, तेल, साखर, रेशनचं धान्य मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार समिती केली आणि हजारो गृहिणींना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. लाटणं हे फोटोत येणारच, हे त्यांनी ओळखलं होतं. पण त्यासोबत त्यांच्याकडे भावाचे आकडे असत, कोणत्या वस्तूचा साठा आहे आणि दुकानात का नाही, हा प्रश्न असे. लाटण्यामागून मागणीही पेपरात जायची. मृणालताईंनी गोरेगावात पाण्यासाठी केलेल्या लढ्यांमुळे त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोक म्हणाले, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." टोपणनावातच मागणी असली की बातमीदाराला ती गाळता येत नाही!

याच्या उलट काय होतं ते २०१८ च्या किसान लाँग मार्चमध्ये दिसलं. ६ मार्चला हजारो शेतकरी नाशिकहून निघाले. आपल्या जिल्ह्यातलेही आदिवासी त्यात होते, बायका तर कितीतरी. सुमारे १८० किलोमीटर चालायचं होतं. पहिले काही दिवस मोठ्या वाहिन्यांवर फारसं काही नव्हतं. मोर्चा मुंबईच्या तोंडाशी आला तेव्हा कॅमेरे धावले. ११ मार्चच्या रात्री, दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून, दिवसभर चाललेली माणसं रात्रीच पुन्हा चालायला लागली आणि पहाटे आझाद मैदानात पोहोचली. मुंबईकरांनी पाणी, खाणं, चपला दिल्या. सालं निघालेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांचे फोटो देशभर गेले. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी यात शहरी माओवाद असल्याचं म्हटलं आणि मग त्यावरही चर्चा रंगली.

त्या तळपायांनी पुष्कळ माणसांचं मन हललं, हे खरं आहे आणि त्याचं मोल आहेच. पण ते पाय कशासाठी चालले, हे तेव्हा किती जणांना सांगता आलं असतं? त्यांची एक मुख्य मागणी होती वनहक्काची. २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याप्रमाणे कसत असलेली वनजमीन नावावर व्हायला हवी. दावे टाकलेत, पण ते नामंजूर झालेत, पडून आहेत, किंवा पाच एकर कसणाऱ्याला पाच गुंठे मिळालेत. पालघर, ठाणे, नाशिकचं पाणी गुजरातला वळवू नका, हीसुद्धा एक मागणी होती. १२ मार्चला सरकारनं लेखी आश्वासन दिलं आणि बातमी संपली. आश्वासन मिळालं, लिंबूपाणी प्यायलं, टाळ्या झाल्या की आंदोलन यशस्वी असं लिहून पान उलटतं. मागणीचं काम मात्र त्या दिवशी कुठे सुरू होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेतकरी पुन्हा निघाले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा निघाले. तेव्हा ते वाशिंदला थांबले आणि म्हणाले, नुसता शब्द नको, आदेश निघाल्याशिवाय उठणार नाही. आधीच्या आश्वासनातून ते एवढं शिकले होते. २०१८ च्या मानानं २०२३ ची बातमी लहान होती, कारण मोर्चा मुंबईत शिरलाच नाही.

मुंबईत शिरण्यावरून एक साधी गोष्ट सांगतो, जी आपल्याला फार उशिरा कळते. जिल्ह्याची पानं वेगळी असतात. पालघरच्या मोर्चाची बातमी पालघरच्या पानावर येते, आणि मंत्रालयातल्या साहेबाच्या टेबलावर मुंबईचा अंक असतो. आपण गावात कात्रण दाखवत फिरतो आणि ज्यानं वाचायला हवं त्याच्यापर्यंत ते गेलेलंच नसतं. सूर्या धरणाच्या पाण्याचं बघा. योजना ४०३ दशलक्ष लिटरची, वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८. तिकडच्या पानावर बातमी असते, सूर्याचं पाणी कधी येणार. इकडच्या पानावर असते, आमच्या शेतीचं पाणी कुठे चाललंय. दोन्ही बातम्या खऱ्या असतात, पण तिकडचा माणूस इकडची वाचत नाही आणि इकडचा तिकडची.

आता बंदर. यावर बोलताना आम्ही जरा जपून बोलतो, कारण आपल्याच गटांमध्ये दोन्हीकडच्या बाया आहेत. बोईसरच्या चाळीत राहणारी, कारखान्यात जाणारी म्हणते, माझ्या पोराला तिथे नोकरी लागेल. किनाऱ्यावरची, वलांडीवर बोंबील घालणारी म्हणते, समुद्र बुजवला तर मी काय विकू? दोघी एकाच प्रभागसंघात बसतात, एकाच कर्जाचे हप्ते भरतात. रेडिओच्या नियमाप्रमाणेही आम्ही इथे बाजू घेणार नाही. पण दोघींनीही बातमी पूर्ण वाचावी, हा आग्रह धरणार.

वाढवणची बातमी आली की तिच्यात तीन शब्द असतातच, "स्थानिकांचा विरोध असून". या तीन शब्दांत किती वर्षं आहेत ते मोजा. बंदराचा पहिला प्रस्ताव १९९० च्या दशकातला. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ मध्ये अधिसूचना निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये या प्राधिकरणानं बंदर इथे होऊ शकत नाही असा निर्णय दिला. नंतर प्रस्ताव पुन्हा आला. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं, अर्थात नव्या अध्यक्षांच्या काळात, परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली. म्हणजे हा विरोध काल कुणीतरी फूस लावून उभा केलेला नाही, आणि सरकारनंही एका रात्रीत काही केलेलं नाही. दोन्ही बाजूंचे कागद आहेत, तारखा आहेत. बातमीत त्या नसतात.

मंजुरीच्या त्या सरकारी पत्रकातच दोन आकडे होते. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख रोजगार, आणि समुद्रात भराव घालून तयार होणारी १,४४८ हेक्टर जागा. पहिला आकडा बोईसरच्या मैत्रिणीला पाठ आहे. दुसरा किनाऱ्यावरच्या मैत्रिणीला. आमचं म्हणणं एवढंच, की दोघींना दोन्ही पाठ हवेत. "अप्रत्यक्ष" या शब्दात काय काय मोजलंय, आणि भरावाच्या आसपास डोल जाळी लावणाऱ्यांचं काय, हे दोघींनी मिळून विचारायला हवं.

३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन भूमिपूजन केलं. किनाऱ्यावरच्या गावांत त्या दिवशी काळे झेंडे होते. चार दिवस आधी मालवणला शिवाजी महाराजांचा पुतळा पडला होता आणि पालघरच्या त्याच सभेत पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली. मग देशभर चर्चा माफीची झाली, त्याखाली बंदर आलं, आणि काळे झेंडे कुठेतरी आतल्या पानावर. ही गंमत नाही, बातमीचं कामच असं चालतं. त्या दिवशी दुसरं काय घडतंय, यावर आपली जागा ठरते.

तर मग आपल्या हातात काय आहे? गटातल्या बायकांना जमेल असं पुष्कळ आहे.

निवेदन दोन प्रतींत न्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यायची. हे आपल्याला माहीत आहे, पण घोषणांच्या गडबडीत पोच राहून जाते. बातमीदारासाठी वेगळं एक पान करायचं. निवेदन त्याच्या हातात कोंबायचं नाही, ते लांब असतं. या पानावर पहिल्या तीन ओळींत मागण्या, आकड्यासह. पाणी द्या असं लिहायचं नाही. अमुक पाड्यावर इतकी घरं, इतक्या दिवसांपासून नळाला पाणी नाही, असं लिहायचं. किती बायका आल्या ते आपणच मोजायचं. हजेरीचं रजिस्टर आपल्याला नवीन नाही. आपण मोजलं नाही तर कुणी शेकडो लिहील, कुणी मूठभर. पान दुपारी चारच्या आत पोहोचवलेलं बरं, संध्याकाळी जागा भरते.

बोलणाऱ्या दोघी आधी ठरवायच्या. त्यातली एक तरी जिच्या दारातला नळ कोरडा आहे तीच असावी. कॅमेरा समोर आला की आपण मागे सरकतो आणि सरपंचांना किंवा पुढाऱ्यांना पुढे करतो. ही सवय मोडायला वेळ लागतो. गटाच्या बैठकीत मोबाइलसमोर दोन-दोन मिनिटं बोलायचा सराव करून बघा. पहिल्या वेळी सगळ्या हसतात. तिसऱ्या वेळी नीट बोलतात.

बातमी आली की कात्रण आणि पोच एकाच फाइलमध्ये, समोरासमोर लावायचं. मागण्यांतली कोणती छापली, कोणती नाही, ते दिसतं. राहिलेल्या मागणीसाठी संपादकांना पत्र लिहिता येतं, बरेच पेपर अशी पत्रं छापतात. बातमी धडधडीत चुकीची असेल, बदनामी करणारी असेल, तर आधी संपादकांना लेखी कळवायचं आणि दुरुस्ती मागायची. त्यांनी ऐकलं नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे, म्हणजे प्रेस कौन्सिलकडे, तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांच्या आत. सोबत कात्रण आणि संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत लागते. टीव्हीच्या वाहिन्या या परिषदेखाली येत नाहीत.

आणि आश्वासनाची तारीख. साहेब म्हणाले पंधरा दिवसांत करतो, तर सोळाव्या दिवशी त्याच बातमीदाराला फोन करायचा. त्यालाही बातमी हवीच असते. वर सांगितलेल्या चार पाड्यांच्या बायकांनी तसंच केलं. सोळाव्या दिवशी पुन्हा बातमी आली. या वेळी हंडा नव्हता, फोटोही नव्हता. तिसरी मागणी, कामाच्या कागदाची, पहिल्याच ओळीत होती. लाइन दुरुस्त झाली, दोन पाड्यांवर पाणी येतं. उरलेल्या दोन पाड्यांचा अर्ज माहिती अधिकारात गेलाय.